विकत घेतलेल्या पेटीची किल्ली

पेटी विकावी, किल्ली मात्र आपल्याच कनवटीला ठेवावी, आणि पेटी उघडणाऱ्या ग्राहकाला चोर म्हणावे, हा न्याय कोणता? १९९९ साली नॉर्वेतील यॉन लेक योहानसेन ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने दोन अनामिक साथीदारांसह डीव्हीडीवरील सांकेतिक कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हा हॉलिवुडने त्याला चोरच ठरविले. वास्तविक त्या काळी लिनक्स प्रणालीच्या संगणकावर रोख पैसे मोजून घेतलेली तबकडीही दिसत नसे. आणि कारखान्यात तबकडीची जशीच्या तशी नक्कल छापणाऱ्या खऱ्या चोराला हे कुलूप उघडावेच लागत नाही! तरीही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली तो प्रोग्रॅम प्रसिद्ध करण्यास एका नियतकालिकाला मनाई केली. कारण अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने असे साधन पुरविणे हाच अपराध मानला आहे. उलट ओस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये योहानसेनला निर्दोष सोडले, आणि डिसेंबरात अपिलातही तोच निर्णय कायम झाला.

कलावंताचा मोबदला बुडावा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५-अ ह्या बाबतीत अधिक विवेकी आहे. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. कायद्याला मंजूर असलेल्या कामासाठी उघडणाऱ्यास मोकळीक. मात्र अशा कामी दुसऱ्यास साहाय्य करणाराने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन ह्यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे, अशी अट त्यात आहे. एखाद्या अंध वाचकासाठी ग्रंथाचे कुलूप उघडून देणाऱ्या सज्जनाने आता चोपडी घालून बसावे काय?