मत्स्यतळ्यातील उवा आणि कडुनिंबाचा अर्क

रोहू, कटला व मृगळ यांच्या तळ्यांत माशांच्या अंगास चिकटलेली जी चपटी, अर्धपारदर्शक 'ऊ' आढळते, ती वस्तुतः कीटक नव्हे. आर्गुलस नावाचा तो कवचधारी प्राणी असून कोळंबीच्या दूरच्या नात्यातील आहे. दोन वाटोळ्या चूषकांनी ती त्वचेस धरून राहते व अणकुचीदार काटा खुपसून रक्त शोषते. त्रस्त मासा कठीण वस्तूंवर अंग घासतो. जखमांत जिवाणू व बुरशी शिरते आणि वाढ खुंटते. रोहूस हा उपद्रव विशेष होतो.

कीटकनाशकांनी उवा मरतात, परंतु त्यांबरोबर माशांचे अन्न असणारे सूक्ष्म प्राणीही नष्ट होतात. म्हणून वनस्पतिज अर्कांकडे लक्ष वळले. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन आणि पिंपळीतील पायपरीन यांचे सुवर्णमत्स्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दोन्ही द्रव्ये उवांस मारक ठरली.

अझाडिरॅक्टिन हे द्रव्य १९६८ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले. कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेचे नियमन करणाऱ्या संप्रेरकात ते बिघाड घडविते. आर्गुलसही वाढताना वारंवार कात टाकते. मासा टाकत नाही. या भेदावरच उपायाची भिस्त आहे. तथापि येथे एक अडचण आहे, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. तळ्यातील डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, हीदेखील कात टाकणारीच. तेव्हा कीटकनाशकांवरील आक्षेपातून कडुनिंब सर्वस्वी सुटत नाही. सूर्यप्रकाशात ते लवकर विघटित होते, एवढाच दिलासा.

दुसरा प्रश्न मात्रेचा. अझाडिरॅक्टिन मुख्यत्वे निंबोळीच्या गरात असते, पानांत फारच थोडे. तेही झाडागणिक बदलते आणि साठवणीत घटते. 'मूठभर पाला' हे माप म्हणून निरर्थक आहे. शिवाय वनस्पतिज तेवढे निरुपद्रवी, ही समजूत विदर्भातील मोहानेच खोटी ठरविली आहे. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते. म्हणूनच बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी मीटरभर खोलीच्या तळ्यात हेक्टरी सुमारे २५०० किलोग्रॅम पेंड टाकतात आणि विष ओसरण्यासाठी दोन-तीन आठवडे थांबतात. उवांस मारणारी मात्रा आणि माशास मारणारी मात्रा यांतील अंतर प्रत्येक अर्कासाठी, प्रत्येक जातीच्या माशावर निराळे तपासावे लागते. सुवर्णमत्स्यावर हौदात मिळालेला आकडा रोहूच्या गढूळ तळ्यास तसाच लावता येणार नाही.

शेवटी अंडी. मादी माशास सोडून दगड, बांबू अशा कठीण पृष्ठांवर ती ओळीने चिकटवते. उष्ण पाण्यात सुमारे दोन आठवड्यांनी त्यांतून पिले निघतात. माशावरील उवा मारणारा अर्क अंड्यांच्या आवरणापुढे बहुधा निष्प्रभ ठरतो, म्हणून एकाच मात्रेवर थांबल्यास पंधरवड्यात नवी पिढी हजर होते. तळ्यात जागोजाग फळ्या वा बांबू रोवून दर आठवड्यास ते बाहेर काढावेत व अंडी सुकून मरेपर्यंत कडक उन्हात ठेवावेत. अर्काची दुसरी मात्रा त्यानंतर, उरलेल्या अंड्यांतून पिले बाहेर पडण्याच्या सुमारास द्यावी.