हुटू कोणाला म्हणायचे?

रुआंडा आणि बुरुंडी हे मध्य आफ्रिकेतील दोन छोटे, डोंगराळ देश. तेथील बहुसंख्य लोक हुटू. टुट्सी साधारण सातवा हिस्सा आणि ट्वा अगदी थोडे. हे वाचून आपल्या मनात तीन भाषा, तीन प्रदेश उभे राहतात. प्रत्यक्षात रुआंडात तिघांचीही भाषा एकच, किन्यारवांडा. आणि घरे एकाच टेकडीवर, शेजारी शेजारी.

ढोबळमानाने हुटू शेती करीत, टुट्सी गुरे पाळीत. गुरे म्हणजे संपत्ती आणि सत्ता. भरभराट झालेले हुटू कुटुंब पुढे टुट्सी गणले जाऊ शकत असे. या बदलाला 'क्विहुटुरा' असा स्वतंत्र शब्दच आहे. अर्थात जुना समाज समतेचा होता असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात र्वाबुगिरी राजाच्या काळात हुटू शेतकऱ्यांवर 'उबुरेत्वा' ही वेठबिगार लादली गेली.

युरोपीय आले ते सिद्धान्त बरोबर घेऊनच. आफ्रिकेतील राज्यकर्ते उत्तरेकडून आलेल्या वेगळ्या वंशाचे, असे स्पीक या प्रवाशाने १८६३ मध्ये लिहिले होते. १९१६ पासून सत्ता बेल्जियमकडे आली. उंची, नाक, कवटी मोजली गेली. सरासरीत फरक निघालाही. पण सरासरीवरून व्यक्ती ओळखता येते का? सहावी आणि सातवीच्या मुलांच्या उंचीचे आलेख एकावर एक काढून पाहा. सरासरी वेगळी येईल, पण नुसत्या उंचीवरून मुलाची इयत्ता सांगता येणार नाही. शिवाय लहानपणी दूध मिळाले की नाही, यावरही उंची ठरते. (भारतात रिस्लेने जातींची नाके मोजली होती. मुंबई विद्यापीठातील गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये ते आकडे पुन्हा तपासून त्याचा निष्कर्ष बहुतेक प्रांतांत टिकत नाही, हे दाखवले.)

आमच्या मते खरा घात मोजपट्टीने नव्हे, कार्डाने केला. १९३०च्या दशकात प्रत्येक प्रौढाला ओळखपत्र मिळाले, त्यावर गट छापलेला. बापाचा गट तोच मुलाचा. 'क्विहुटुरा'ची वाट बंद झाली. अधिकाराच्या जागा टुट्सींना मिळाल्या. १९५९ मध्ये हुटूंचा उठाव झाला, १९६२ मध्ये स्वातंत्र्य आले आणि रुआंडात सत्ता हुटू नेत्यांकडे गेली. कार्ड मात्र राहिले. बुरुंडीत उलटे घडले. १९७२ मध्ये टुट्सींच्या वर्चस्वाखालील सैन्याने लाखाच्या घरात, कदाचित त्याहूनही अधिक हुटू मारले.

एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत रुआंडातील हुटू अतिरेक्यांनी अंदाजे आठ लाख माणसे मारली. त्यांत बहुतेक टुट्सी होते, तसेच कत्तलीला विरोध करणारे हुटूही. रस्तोरस्तीच्या नाक्यांवर मारेकरी ओळखपत्र मागत. चेहऱ्यावरून खात्री पटत नव्हती.

त्यानंतर रुआंडाने ओळखपत्रावरील ती नोंदच काढून टाकली. बुरुंडीने दुसरा मार्ग धरला: २००५च्या राज्यघटनेत कनिष्ठ सभागृहातील जागा हुटू ६० टक्के, टुट्सी ४० टक्के अशा वाटून दिल्या.