चांदीचा मोर आणि सराफाचा काटा

मंगलकार्यात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावावे आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडावे, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल. तबकात गुलाबदाणी असे, तिच्या शेजारी अत्तरदाणी. आणि पुष्कळ घरांत ही अत्तरदाणी मोराच्या रूपाची असे. मुलांच्या लेखी तो मोर म्हणजे खेळणे, गृहिणीच्या लेखी उपयोगाची वस्तू आणि सराफाच्या लेखी अमुक इतके तोळे चांदी. या तीन दृष्टींपैकी तिसरीच आज प्रबळ होत चालली आहे. म्हणून उरलेल्या दोन दृष्टींची बाजू मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चांदीच्या प्राण्यांचे दोन प्रकार मानता येतील. काही केवळ शोभेसाठी घडवलेले असतात. काही मात्र बैठकीत किंवा जेवणाच्या मेजावर काम करण्यासाठी घडलेले असतात, आणि त्यांच्यात प्राण्याचा अवयव हाच पात्राचा अवयव होतो. मोराची पाठ उचलली की ते झाकण ठरते. पोट म्हणजे अत्तराच्या बोळ्याची जागा. सुपारी कातरणाऱ्या आपल्या अडकित्त्यांतही हीच कल्पना दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नाना आकारांचे धातूचे अडकित्ते मांडलेले आहेत. ते पाहताना प्राण्याचा आकार वस्तूवर वरून चिकटवलेला नसून तिच्या कामातून उगवलेला आहे, हे ध्यानात येते.

इंग्लंडमध्येही अशीच एक वस्तू लोकप्रिय झाली होती. जॉन शूप नावाच्या कारागिराने लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चहाच्या मेजासाठी चांदीच्या गाई घडवल्या. गाईच्या पाठीवर छोटे झाकण, त्यातून दूध आत ओतायचे. पाठीवर वळलेली शेपटी ही धरण्याची मूठ. आणि तोंडातून दुधाची धार पेल्यात पडायची. झाकणावर माशी बसवलेली असे, आणि तिला चिमटीत धरून झाकण उघडायचे. गाईच्या पाठीवर माशी बसणे हे गोठ्यातले रोजचे दृश्य. कारागिराने त्याचीच कडी केली. उपयोग आणि विनोद यांचा इतका सहज मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

येथे धातूच्या स्वभावाचाही विचार करावयास हवा. सर्व धातूंमध्ये चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक आहे. त्यामुळे चांदीच्या चहादाणीची मूठ क्षणात तापते. जुन्या चहादाण्यांच्या मुठीत दोन ठिकाणी हस्तिदंताचे पांढरे तुकडे बसवलेले दिसतात, ते नक्षी म्हणून नव्हेत. उष्णता हातापर्यंत पोहोचू नये म्हणून. मीठ चांदीला खाते, म्हणून मिठाच्या पात्राला आतून सोन्याचा मुलामा देत किंवा आत काचेची वाटी ठेवीत. हवेतील गंधकाच्या अंशाने चांदी काळवंडते. प्राण्याच्या आकाराला ही सारी बंधने सांभाळूनच जन्म घ्यावा लागतो.

काही प्राणी तर मेजावर चालत असत. जर्मनीतील औग्सबुर्ग या नगरीत १६२० च्या सुमारास योआखिम फ्रीस या कारागिराने घडवलेला, देवी डायानाला पाठीवर घेतलेला सांबर आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या बैठकीत चावीचे यंत्र आहे. चावी दिली की तो मेजावर फिरत जाई आणि ज्याच्या समोर थांबे त्याने मद्य प्यावे, असा खेळ असे. सांबराचे मस्तक निघते आणि पोकळ धड हाच पेला होतो. आपल्या मराठी इतिहासात याचे नातलग शोधायचे झाल्यास ग्वाल्हेरला जावे लागेल. शिंदे महाराजांच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रुळांवरून धावणारी चांदीची आगगाडी आहे. पाहुण्याने डब्यावरची सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की पुढे जाते. तेथे सांबराची जागा एंजिनाने घेतली आहे, एवढाच काय तो फरक. युग पालटले, पण पाहुण्यांना विस्मित करण्याची हौस पालटली नाही.

आता आपल्या कामरेजकडे वळू. तापीकाठचे हे गाव चांदीच्या व्यापाराच्या वाटेवर फार प्राचीन काळापासून आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात भडोचच्या आखाताजवळील 'कम्मोनी' नावाच्या गावाचा उल्लेख येतो, आणि ते गाव म्हणजे कामरेज असे काही अभ्यासकांनी मानले आहे. त्याच ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत येथील राजासाठी आणल्या जाणाऱ्या मौल्यवान वस्तूंमध्ये चांदीची भारी किमतीची पात्रे नमूद केली आहेत. त्या पात्रांचे आकार ग्रंथकाराने सांगितलेले नाहीत. पण चांदी ही येथे केवळ नाणी पाडण्याची धातू नव्हती, राजाच्या बैठकीची शोभाही होती, हे त्यावरून निश्चित होते.

या प्रदेशावर त्या सुमारास राज्य करणारा क्षहरात क्षत्रप नहपान आपल्याला नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांमुळे परिचित आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे त्याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप उमटवलेला आहे. नव्या छापाखाली जुन्या राजाच्या मुद्रेच्या रेषा अजून दिसतात, आणि म्हणूनच या दोन राजांची गाठ इतिहासकारांना घालता आली. नाणी वितळवली असती, तर हा पुरावा मुशीत नाहीसा झाला असता. चांदी तेवढीच राहिली असती; इतिहास मात्र उरला नसता.

सुरतेने तर पुढे जगाची चांदी वितळवली. सतराव्या शतकात अमेरिकेतील खाणींतून निघालेली चांदी युरोपमार्गे व अरबस्तानमार्गे या बंदरात येई, आणि येथील मोगल टांकसाळीत परकी नाणी आटवून त्यांचे रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेकडे मोहरा वळवला, तो याच संपत्तीमुळे. पुढे गायकवाडांच्या अमलात कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात आले, आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तेथेच राहिले. याच पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशात, कच्छमधील भूज येथे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीच्या उठावकामाची मोठी परंपरा बहरली. कच्छच्या रावांचे कारागीर उमरशी मावजी यांचे नाव आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. वेलबुट्टीत दडलेले पशुपक्षी, नागाच्या विळख्याची मूठ असलेली चहाची पात्रे, आणि तळाशी उमटवलेली नावाची आद्याक्षरे, ही त्या कामाची ओळख. चहा साहेबाचा, नाग मात्र आपल्या मातीतला!

असे काम घडते कसे, हे जाणून घेतल्याखेरीज त्याचे मोल कळणार नाही. प्राण्याचे धड चांदीच्या पातळ पत्र्याचे असते. पत्रा राळेवर बसवून आतून ठोकून उठाव काढतात. मग तो उलटवून बाहेरून बारीक छिन्न्यांनी पिसे, खवले, डोळे कोरतात. दोन अर्धे डाक देऊन जोडतात. पाय, चोच, शिंगे यांसारखे भाग बहुधा ओतीव असतात. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर वस्तू पोकळच राहते. काही वस्तूंच्या पोटात मजबुतीसाठी राळ भरलेली असते, आणि डाकाची चांदी हलक्या कसाची असते. परिणामी अशी वस्तू सराफाच्या काट्यावर गेली की राळ वजा होते, डाकाची घट वजा होते, आणि हाती येते ती अपेक्षेहून कमी रक्कम. चांदीच्या साध्या भरीव लगडीत धातू अधिक, श्रम नगण्य; चांदीच्या मोरात श्रम अधिक, धातू थोडी. मोडीत घालण्यास सर्वांत तोट्याची वस्तू तीच, जी घडवण्यास सर्वांत कठीण होती.

मोड ही काही आजची गोष्ट नव्हे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीची मेजे, दीपवृक्ष, पात्रे टांकसाळीत धाडली. आज त्यांची कल्पना केवळ चित्रांवरून आणि विणलेल्या पडद्यांवरून करावी लागते. जे सम्राटाला टाळता आले नाही, ते सामान्य गृहस्थाने टाळावे अशी सक्ती कोण करणार? चांदी हा आपल्या समाजात अडीअडचणीचा आधार आहे. आजारपणात, मुलीच्या शिक्षणात, घराच्या हप्त्यात ती कामी आली, तर तिने आपले कर्तव्यच केले. त्यात लाजण्याजोगे काही नाही. परंतु २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला, आणि गरज नसतानाही केवळ भाव आहे म्हणून जुनी पात्रे काट्यावर ठेवण्याचा मोह वाढला. या मोहाविषयीच येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात.

विकणे आणि वितळवणे यांत अंतर आहे. विकलेली वस्तू दुसऱ्या घरी नांदते. वितळवलेली कोठेच नांदत नाही. म्हणून वस्तू हातावेगळी करण्यापूर्वी तिचे तळ, झाकणाची आतली बाजू आणि मुठीखालची जागा भिंगाने पाहावी. एखादे अक्षर, गावाचे नाव किंवा शिक्का असू शकेल. सराफाखेरीज जुन्या वस्तूंच्या एखाद्या जाणकारालाही ती दाखवावी. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, वजन व मापे लिहावीत, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ती कोणी, केव्हा, कोणत्या प्रसंगी आणली हे एका कागदावर टिपून ठेवावे. वस्तू ठेवायचीच असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळावी. रबर आणि लोकर तिच्यापासून दूर ठेवावीत, कारण त्यांतील गंधकाने ती काळी पडते. उगाच घासूनपुसून लखलखीत करू नये. प्रत्येक घासणीत कोरीव रेषेचा थोडा अंश निघून जातो.

शाळा आपल्या माजी विद्यार्थ्यांना स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावते, तेव्हा गेलेल्या माणसाने मागे काय ठेवले, याचा विचार आपण सारेच करीत असतो. बहुतेकांच्या मागे ग्रंथ राहत नाहीत, वास्तू राहत नाहीत. राहते ती एखादी हाताळलेली वस्तू. अत्तरदाणीच्या मोराची पाठ जेथे शेकडो वेळा अंगठ्याने उचलली गेली, तेथील पिसे झिजून गुळगुळीत झालेली असतात. सराफाच्या काट्यावर ही झीज म्हणजे गुंजभर घट. घराच्या हिशेबात ती पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या आतिथ्याची नोंद आहे, आणि ती वाचणारे आता आपणच आहोत.