ओट्याचे माप घेण्याआधी बाईचे माप घ्या

दसरा-दिवाळीच्या आधी घराला रंग काढण्याची आपली जुनी रीत. आता त्याच्या जोडीला स्वयंपाकघर नवे करून घेण्याची हौस आली आहे. तालुक्याच्या गावातही ग्रॅनाइट, चकचकीत टाइल्स, चिमणी आणि तयार कपाटांची दुकाने झाली आहेत. हौस जरूर करावी. मात्र दुकानात चर्चा होते ती रंगाची आणि भावाची. ज्या बाईला त्या ओट्यापाशी रोज चार-पाच तास उभे राहायचे आहे, तिची कंबर, खांदे आणि फुप्फुसे यांचा विषय निघतच नाही. दवाखान्यात माझ्यापुढे येतात त्या नेमक्या याच तक्रारी. ओटा एकदा बसला की पंधरा-वीस वर्षे हलत नाही. तो चुकीच्या मापाचा असला तर दुखणेही तितकीच वर्षे मुक्कामाला राहते.

ओट्याची उंची

गवंडी सवयीच्या मापाने ओटा बांधतो. आपण मात्र स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे माप घ्यावे. तिने अनवाणी ताठ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करावेत. आलेला आकडा ही ओट्याची योग्य उंची. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येते, म्हणजे तिच्यासाठी ओटा ३२ ते ३४ इंचांचा हवा. कणीक मळायला, पोळ्या लाटायला जोर लागतो, त्यामुळे त्या जागी कमी उंचीच बरी. शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच असते आणि तीवर पातेले चढते, हेही हिशेबात धरावे.

ओटा उंच असला की लाटताना खांदे वर उचलले जातात आणि मान आखडते. बुटका असला की दिवसभर कमरेतून वाकावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंची उंची चार फूट दहा इंच आणि घरचा ओटा ३६ इंचांचा. वर्षभर त्या खांद्याला मलम चोळत होत्या. पोळ्या लाटण्यापुरते बुटके टेबल मांडून घेतल्यावर त्यांचे दुखणे बरेच उतरले. ओट्यापुढे पाट ठेवून त्यावर उभे राहण्याचा उपाय मात्र करू नये. तो पाट एक दिवस पाडतो.

सासू-सून दोघी स्वयंपाक करत असतील तर जी जास्त वेळ उभी राहते तिचे माप धरावे आणि दुसरीसाठी बसून काम करण्याची सोय ठेवावी. भांडी घासण्याच्या सिंकचा तळ सात-आठ इंच खोल असतो, म्हणून तेवढा भाग दोन इंच उंच घेतला तर वाकावे लागत नाही. खालच्या कपाटाच्या तळाशी पायाचे पंजे आत जातील अशी तीन-चार इंचांची खाच ठेवायला सुताराला सांगावे. या खाचेमुळे ओट्याला भिडून ताठ उभे राहता येते.

धूर आणि वाफ

घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात मुख्य वाटा चुलीचा आणि रॉकेलचा. गॅस आला म्हणजे सगळे मिटले, असे मात्र नाही. फोडणीचा आणि तळणाचा धूर राहतोच. अतितप्त तेलात तळताना निघणारा धूर कर्करोगास बहुधा कारण ठरू शकतो, असे याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे.

म्हणून चिमणी घेताना पहिला प्रश्न विचारावा, ‘नळी बाहेर जाते का?’ नळी नसलेली चिमणी बरेचसे तेल गाळते, पण ज्वलनातून निघणारे वायू पुन्हा खोलीतच सोडते. नळी शक्य तितकी सरळ आणि आखूड असावी. चिमणीचा खर्च झेपत नसेल तर शेगडीच्या वरच्या बाजूला भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. आत हवा आली तरच बाहेर जाईल. कपाटे लावण्यासाठी खिडकी बुजवू नये.

सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात ठेवणार असाल तर कपाटाला अगदी तळाशी जाळी हवी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता खाली साचतो. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी आणि रबरी नळी पाच वर्षांत बदलावी.

दगड कोणता?

संगमरवर दिसायला देखणा, पण लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटाने त्याला चट्टे पडतात. कडाप्पा स्वस्त आणि टिकाऊ असला तरी तोही चुनखडीचाच दगड. आंबट सांडले की लगेच पुसावे. ग्रॅनाइटला आंबटाचे भय फारसे नाही.

‘क्वार्ट्झ’ नावाने मिळणाऱ्या कारखानी दगडात मात्र सिलिका फार मोठ्या प्रमाणात असते, बऱ्याच प्रकारांत नव्वद टक्क्यांच्या वर. तयार ओट्याचा घरच्यांना त्रास नाही. तो कापणाऱ्या कारागिराला आहे. ही धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरा करणारा उपाय नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली आहे. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच. म्हणून दगड कोणताही असो, घरात कोरडा कापू देऊ नये. दुकानातच मापाने कापून आणावा किंवा पाणी सोडत कापायला लावावा. कारागिराला चांगला मास्क द्यावा. तोंडावर रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. त्या वेळी लहान मुले आणि दमेकरी घराबाहेर असावेत.

फरशी, नळ आणि कपाटे

स्वयंपाकघरात पाणी आणि तेल सांडणारच. तिथे आरशासारखी फरशी म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याला धोका. दुकानात टाइलवर पाणी ओतून अनवाणी पाय घासून पाहावा. पाय सरकला तर ती टाइल भिंतीला लावावी, जमिनीला नको. सांध्यांमध्ये साध्या पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरले तर ओल आणि घाण मुरत नाही.

नळ दांड्याचा घ्यावा. कणकेचा किंवा कच्च्या मटणाचा हात न लावता तो कोपराने उघडता येतो, आणि बोटांचे सांधे दुखणाऱ्यांनाही सोपा जातो. सिंकखालच्या नळीला वळण असावे. त्यात साठणारे पाणी गटाराची दुर्गंधी आणि झुरळे अडवते.

सिंकखाली साधा भुशाचा बोर्ड लावू नये. तो फुगतो आणि बुरशी धरतो. तिथे ‘आयएस ७१०’ छापाचे प्लायवूड घ्यावे. नव्या बोर्डातून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला खोकला येतो. म्हणून कपाटे बसल्यावर काही आठवडे दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जड डबे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीतच ठेवता येतील अशी मांडणी करावी.

जुना रंग खरवडताना

घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. असा रंग कोरडा न घासता पाणी मारून काढावा आणि कचरा गोळा करून झाकून टाकावा. गर्भवती स्त्री घरात असेल तर हे काम पुढे ढकलावे किंवा तिने तेवढे दिवस दुसरीकडे राहावे.

खर्चाचा क्रम थोडक्यात असा ठेवावा : आधी हवा आणि गॅसची सुरक्षितता, मग ओट्याची उंची, त्यानंतर न घसरणारी फरशी, आणि उरलेल्या पैशांत रंग आणि चकाकी. गवंडी माप घ्यायला येईल त्या दिवशी घरातल्या बाईला बाहेरच्या खोलीत चहा करून पाठवायला सांगू नका. तिला ओट्यापाशी उभी करा.