मुरूम लागेपर्यंत
लेखमाला : प्रपंचातला विश्वास (लेखांक सहावा)

हिंगोली-वसमत पट्ट्यात कुणी घर बांधायला काढलं, की गवंड्याचा पहिला प्रश्न असतो, मुरूम किती फुटांवर लागतोय? काळ्या जमिनीचा भरवसा धरता येत नाही. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचा पाऊस झाला की तीच माती फुगून वर येते. पाया उथळ राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांतच खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. म्हणून काळी माती उपसायची आणि कठीण लागेपर्यंत खाली जायचं. या कामात पैसा जातो, दिवस जातात, आणि वास्तुशांतीला आलेला पाहुणा फरशी नि रंग बघून घरी जातो.

गेल्या आठवड्यात बाप्तिस्म्याविषयी लिहिलं होतं. त्यानंतर काय, हा या वेळचा विषय. येशूने सांगितलेला दोन घरांचा दाखला मत्तय आणि लूक या दोघांनीही दिला आहे, पण दोघांचा भर वेगळा आहे. मत्तयाकडे प्रश्न जागेचा आहे. एकाने खडक निवडला, दुसऱ्याने वाळू. लूककडे मात्र पहिला माणूस खणतो, खोल जातो आणि मग खडकावर पाया घालतो. दुसरा पाया न घालताच जमिनीवर भिंती उभ्या करतो. कयाधू नदीच्या काठावर राहणाऱ्याला लूकचं सांगणं लवकर पटावं. खडक आपल्याकडेही आहे, पण तो वर पडलेला नाही.

या दाखल्यातली एक गोष्ट उपदेशात बहुतेक वेळा निसटते. दोन्ही माणसांनी वचन ऐकलेलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर दोघंही रविवारच्या उपासनेला हजर होते, दोघांच्याही हातात ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक होतं. फरक पडला तो ऐकलेलं करण्यात. आपल्या मंडळ्यांमधल्या पुरुषांचं दुखणं नेमकं इथे आहे. साक्ष द्यायला, कमिटीवर बसायला, नाताळचा मांडव घालायला आम्ही पुढे असतो. घरातल्या रात्रीच्या प्रार्थनेला मात्र आई आणि मुलंच बसलेली असतात.

हे खणणं मराठी माणसाच्या आयुष्यात कसं दिसतं, याचं सर्वांत उघडं उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना पवित्र शास्त्राची प्रत दिली. टिळक वाचत वाचत डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायातलं हे प्रवचन संपतं कशाने? याच दोन घरांच्या दाखल्याने. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या आग्रहाप्रमाणे भारतीय पाळकाच्या हातून.

चरित्रं इथे मोठ्या अक्षरात ‘परिवर्तन’ असं प्रकरणाचं नाव देतात. माझ्या मते इथे फक्त कुदळ हातात आली. टिळक शीघ्रकोपी होते, लहरी होते. हातातलं दुसऱ्याला देऊन टाकायचे आणि उद्याची चूल कशी पेटायची याचा विचार करायचे नाहीत. हे आपल्याला त्यांच्या कुणा विरोधकाने सांगितलेलं नाही. पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ते लिहून ठेवलं आहे, मिश्कीलपणे आणि काही न झाकता. बाप्तिस्म्यानंतर नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचं सोवळं होतं, स्वयंपाक वेगळा होता. त्या काळच्या नवऱ्याला हुकूम सोडणं काही अवघड नव्हतं. टिळकांनी तो सोडला नाही. लक्ष्मीबाईंनी जातपात आणि शिवाशीव यांचा स्वतःच्या डोक्याने विचार केला, एकेक बंधन स्वतः उतरवलं आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तापट माणसाने ती सगळी वर्षं वाट पाहिली. पायाचं काम म्हणतात ते हे, आणि ते कुठल्याही व्यासपीठावर झालेलं नाही.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय पुढारी निवडताना बऱ्याच मंडळ्यांत वाचला जातो. त्यातली यादी एकदा सावकाश बघा. वक्तृत्वाच्या नावाखाली फक्त शिकवण्याची हातोटी मागितली आहे. बाकी बरंचसं मारकुटेपणा, दारू, पैशाचा लोभ आणि घर नीट चालवणं याभोवती फिरतं. म्हणजे ज्याला पाळक व्हायचं आहे त्याची परीक्षा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते, आणि गुण देणारी व्यक्ती चुलीपाशी असते. निवडीच्या आधी उमेदवाराच्या बायकोला कुणी विचारायला जात नाही, हा भाग वेगळा.

आता रोजच्या अडचणी. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर, असं येशू सांगतो. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असतील तर कुठलं दार लावायचं? शिवाय वसमत भागात हळद काढून शिजवण्याचा हंगाम आणि उपवासकाळाचे चाळीस दिवस बऱ्याच वर्षी एकमेकांवरच येतात. कुकरची वाफ चालू, मजुरांचा हिशेब डोक्यात, रात्रीचा दीड वाजलेला. अशा वेळी अर्ध्या तासाच्या ‘शांत वेळे’चा शहरी सल्ला कुचकामी ठरतो. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्याची तर मंडळीच सुटते. अशा माणसाने प्रभूची प्रार्थना तेवढी सोडू नये. ती पाठ असते आणि म्हणायला मिनिटभर पुरतो. त्यातलं आमच्या ऋण्यांना आम्ही सोडलं आहे, हे वाक्य मनापासून म्हणायचं ठरवलं, तर भावकीतल्या बांधाच्या भांडणापाशी येऊन जीभ अडखळते. ती जिथे अडखळते तिथेच कुदळ घालायची. वाचनाचंही तेच. वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र संपवण्याचे तक्ते जानेवारीत भिंतीवर लागतात आणि फेब्रुवारीत लेवीयच्या पुस्तकात रुततात. टिळकांसारखं तीन अध्यायांत अडकून बसणं जास्त कामाचं.

काळी माती काढताना सोनंही फेकून द्यायचं, असा मात्र अर्थ घेऊ नये. हिंगोलीपासून जवळच नर्सी आहे, संत नामदेवांचं परंपरेने मानलेलं जन्मगाव. ख्रिस्ती झालो म्हणजे अभंग, टाळ, कीर्तन यांचा विटाळ मानायचा, असं समजणारी माणसं आजही भेटतात. टिळक तसं मानत नव्हते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांचे अभंग आणि भजनं आज मराठी उपासनेचा गाभा आहेत.

टिळकांच्याही आधी मराठवाड्यात पायाचं काम केलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843 चा. पुढे त्यांनी जालन्याजवळ हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे गावच वसवलं. नव्या विश्वासणाऱ्याला घर, शेत आणि शेजार लागतो, हे त्यांना कळलं होतं. एकट्याने खणायला घेतलेला खड्डा बहुधा अर्धवट राहतो, म्हणून आजही दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर बसावं. पाळक नसले तरी चालेल.

टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. 9 मे 1919 रोजी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य तेव्हा जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांपर्यंत आलं होतं. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली होती, मधूनमधून चिडत, पुस्तक आपटत.

(पुढील लेखांकात : दशांश आणि डोक्यावरचं कर्ज)