आजीची कॅनरी आणि डॉन मर्टन

न्यूझीलंडच्या गिझबर्न भागात एका शाळकरी पोराला गोल्डफिंच पक्ष्याची पोरकी पिल्लं सापडली. घरी आजीची पाळलेली कॅनरी होती. पोराने पिल्लं तिच्या पिंजऱ्यात ठेवली आणि कॅनरीने ती आपलीच समजून भरवली, मोठी केली. घरातल्या बाकीच्यांना ही गंमत वाटली असेल. तो पोरगा मात्र ती आयुष्यभर विसरला नाही. त्याचं नाव डॉन मर्टन. जन्म १९३९चा, मृत्यू १० एप्रिल २०११ रोजी.

निसर्गवेड्या माणसांची त्या देशात मोठी परंपरा आहे. हर्बर्ट गथ्री-स्मिथ १८८२मध्ये टुटिरा तळ्याकाठी मेंढपाळ म्हणून आला आणि १९४०मध्ये मरेपर्यंत ती जमीन त्याने सोडली नाही. तिथलं गवत, पाखरं, मेंढ्यांनी पाडलेल्या पायवाटा, दरडी, सगळ्यांची नोंद करून त्याने १९२१मध्ये ‘टुटिरा’ हा ग्रंथ लिहिला. म्हातारपणी त्याला प्रश्न पडला, की आपण जन्मभर या भूमीची सुधारणा केली की विटंबना? स्वतःच्या शेताबद्दल असं लिहायला फार मोठं मन लागतं. रिचर्ड हेन्रीची कथा आणखी चटका लावणारी. काकापो हा रात्री हिंडणारा, न उडणारा पोपट. १८९४पासून हेन्री रेझोल्यूशन बेटाचा राखणदार होता. तोंडाला मुसकं बांधलेला कुत्रा घेऊन तो काकापो आणि किवी हुडकायचा आणि होडीतून सुरक्षित बेटांवर नेऊन सोडायचा. असे शेकडो पक्षी त्याने हलवले. १९००मध्ये मुंगसाच्या चणीचा स्टोट पोहत बेटावर पोचला आणि त्या माणसाच्या कष्टांवर पाणी पडलं.

मर्टन १९५७मध्ये वन्यजीव सेवेत दाखल झाला. १९६४मध्ये दक्षिणेकडच्या बिग साउथ केप बेटावर उंदीर माजले, तेव्हा सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी उचलून दुसऱ्या बेटांवर नेले, म्हणून ते वाचले. त्याच बेटावरचं एक पाणलाव्यासारखं पाखरू, एक चिमुकला रेन आणि एक वटवाघूळ मात्र जगातून नाहीसं झालं. तिथे मर्टन होता. डोळ्यांदेखत तीन जाती जाताना पाहिल्यावर माणूस बदलत असणारच.

क्राइस्टचर्चच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. तिथल्या एका कड्यावजा बेटावर १९७६मध्ये काळ्या रॉबिनचे फक्त सात पक्षी उरले होते आणि तिथलं रानही मरत चाललं होतं. मर्टनच्या चमूने ते पक्षी पेट्यांत घालून, पेट्या पाठीवर बांधून कड्यावरून खाली आणले आणि शेजारच्या मँगेरे बेटावर सोडले. त्यांच्यासाठी तिथे आधीपासून १,२०,००० अकेअके झाडं लावलेली होती. तरीही १९८०मध्ये पाचच पक्षी राहिले. त्यांत पिल्लं देणारी मादी एकच. पायातल्या निळ्या कड्यावरून तिचं नाव पडलं ओल्ड ब्लू.

इथे आजीचा पिंजरा कामाला आला. रॉबिन एका वेळी साधारण दोनच अंडी घालते, पण ती काढून घेतली तर पुन्हा घालते. मर्टनने ओल्ड ब्लूची अंडी आधी वॉर्बलर नावाच्या पाखराच्या घरट्यात ठेवली. पिल्लं निघाली, पण त्यांची भूक भागवणं वॉर्बलरला झेपेना. मग टॉमटिट नावाच्या दुसऱ्या पाखराकडे अंडी सोपवली आणि तिथे जमलं. टॉमटिटच्या हातची पिल्लं स्वतःला टॉमटिटच समजू लागली, म्हणून मोठी होण्याआधी त्यांना रॉबिनच्या घरट्यात परत नेऊन ठेवावं लागे. वाकून घरट्यात बोटभर अंडी ठेवणारा हा माणूस मला दाईसारखा दिसतो.

या मायेची एक किंमतही होती. काही माद्या घरट्याच्या काठावर अंडी घालू लागल्या. अशी अंडी वाया जातात, म्हणून माणसं ती आत सरकवत. त्यामुळे तीच खोड पिल्लांत उतरली आणि १९८९पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या तसं करू लागल्या. मग माणसांनी हात आवरता घेतला आणि खोड हळूहळू कमी झाली. कधी धरावं आणि कधी सोडावं हे लेकरं वाढवणाऱ्या प्रत्येकाला कळावं लागतं. आज चॅटम बेटांवरचा एकूण एक काळा रॉबिन ओल्ड ब्लूच्या वंशातला आहे.

काकापोचं काम तर अजून चालू आहे. १९७५मध्ये फिओर्डलँडच्या दरीत मर्टनला एक म्हातारा नर सापडला. त्याचं नाव ठेवलं रिचर्ड हेन्री! १९९५मध्ये सगळे मिळून ५१ काकापो उरले होते, आता ते दोनशेच्या वर आहेत. रिचर्ड हेन्री २०१०च्या डिसेंबरात गेला आणि चार महिन्यांच्या आत मर्टन.

माशांचं सांगितल्याशिवाय न्यूझीलंडचा माणूस पुरा होत नाही. तिथे बाप पोराला गळ धरायला शिकवतो, त्याबरोबर मोजपट्टीही हातात देतो. ऑकलंडच्या बाजूला रंगाने आपल्या तांबोशीची आठवण करून देणारा स्नॅपर ३० सेंटिमीटरहून आखूड निघाला, तर पाण्यात परत सोडायचा, आणि माणशी दिवसाला सातच घरी न्यायचे. माओरी रीत याहून जुनी: पहिला मासा समुद्रदेव टांगारोआचा, तो परत द्यायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या आपल्या कोळीबांधवांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

याच्याही पुढे गेला बिल बॅलंटाइन. १९६४मध्ये तो ऑकलंड विद्यापीठाच्या ली इथल्या सागरी प्रयोगशाळेत आला. समुद्राचा एक तुकडा तरी असा हवा, जिथे कोणीच काही पकडणार नाही, हे त्याचं म्हणणं. मासेमारांचा राग ओढवला, चेष्टाही झाली. १९७१मध्ये कायदा झाला आणि १९७५मध्ये गोट आयलंडभोवतीचं पाणी राखीव झालं. मोठे स्नॅपर आणि शेवंडं पकडली गेल्यामुळे त्यांचं खाद्य असलेला ‘किना’ हा काटेरी जीव माजला होता, आणि त्याने केल्प या समुद्री शेवाळाचं पाण्याखालचं रान खाऊन खडक उघडे पाडले होते. मासेमारी थांबल्यावर मोठे मासे परतले, किना आटोक्यात आला आणि रान पुन्हा उगवलं. बॅलंटाइन २०१५मध्ये गेला.

दिवाळीनंतर तिकडे उन्हाळा लागतो. लेकीकडे, मुलाकडे ऑकलंडला जाणार असाल, तर एक दिवस गोट आयलंडसाठी ठेवा. ऑकलंडहून गाडीने दीड तास. गळ घरीच ठेवा, नातवंडांना सोबत घ्या आणि कमरेइतक्या पाण्यात थोडा वेळ शांत उभे राहा. स्नॅपर जवळ येतील. त्यांना खायला मात्र काही घालू नका.