सभाधीटपणा सरावाने येतो
भीमेच्या दोन काठांवरील शिरूर आणि दौंड तालुक्यांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी गावच्या पारावर किंवा एसटीत मनमोकळे बोलतो. मात्र वर्गापुढे उभे राहण्याची वेळ आली की त्याचा घसा कोरडा पडतो. ‘आपली भाषा गावाकडची, सगळे हसतील’ ही धास्ती त्यामागे असते. तिची किंमत थोडी नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेलेला तरुण काम जाणत असूनही केवळ ते नीट सांगता न आल्याने मागे पडू शकतो. वयाची १८ वर्षे पूर्ण करून मतदार यादीत नाव लागले की तो ग्रामसभेचा सदस्य होतो. तेथेही रस्त्याचा वा पाण्याचा प्रश्न उभे राहूनच मांडावा लागतो.

वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, हा समज जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ भरवते. वक्तृत्वाला उत्तेजन देता येते, ते जोपासता येते, हा विश्वास त्या नावातच आहे.

तयारीचा आरंभ विषयापासून करावा. आपले म्हणणे एका वाक्यात लिहावे आणि त्याला आधार देणारे तीनच मुद्दे निवडावेत. मिनिटाला साधारण शंभर शब्द धरले, तर पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे शब्द पुरतात. ते सगळे पाठ करू नयेत. एक शब्द निसटला की पुढचा धागा तुटतो. पहिले आणि शेवटचे वाक्य मात्र तोंडपाठ असावे. मुद्दे छोट्या कागदावर टिपून मोठ्याने तीनदा सराव करावा, एकदा मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. बोलण्यापूर्वी एक दीर्घ श्वास घ्यावा, शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवावी आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबावे.

बोलीचा संकोच अनाठायी आहे. औपचारिक सभेत प्रमाण भाषेचा आणि स्पष्ट उच्चारांचा सराव उपयोगी पडतो. पण श्रोत्याला भिडतो तो अनुभव. पाणीटंचाईवर बोलताना शिरूरच्या विद्यार्थ्याने घोड धरणाचे आवर्तन लांबले की उसाचे काय होते ते सांगावे. दौंडच्या विद्यार्थ्याने खडकवासल्याच्या कालव्यावर विसंबलेल्या शेताची गोष्ट सांगावी. ऐकीव आकड्यांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वक्त्याला अधिक बळ देते.

पहिल्याच प्रयत्नात वक्तृत्व स्पर्धा जिंकण्याचा हट्ट नको. पाहुण्यांचा परिचय, आभारप्रदर्शन, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातील गटचर्चा, या लहान संधी आधी घ्याव्यात. दोन मिनिटे उभे राहून बोलण्याची भीती एकदा मोडली, की पुढचे व्यासपीठ तितके उंच वाटत नाही.